पंधरा डोकी, शनिवारी चार वाजता

आमच्या वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळणाऱ्या बाईंना सगळे आखीवबाई म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची सूट फक्त मला आहे, कारण आम्ही दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलो. तेव्हापासून एकोणीस वर्षं मी खाली देवघेवीच्या खिडकीवर बसून शिक्के मारतेय आणि ती वरच्या मजल्यावर पोरं जमवतेय. माझ्या खिडकीतून जिना सरळ दिसतो. त्यामुळे वर काय चाललंय ते मला न विचारता कळतं, आणि जे कळत नाही ते मी विचारते.

हे नाव तिला उगाच नाही पडलं. दर बुधवारी तीन ते पाच वर्षांच्या पोरांसाठी गोष्टींचा तास असतो. तुम्ही-आम्ही काय करू? एक पुस्तक उचलू, पोरं गोळा करू आणि वाचायला लागू. ही बाई त्यासाठी सोमवारीच कागद आखायला घेते. कागदात सोळा चौकोन. चटया किती, बोथट कात्र्या किती, गोष्टीत वाघ असेल तर घाबरणाऱ्यांनी कुठे बसायचं, डिंक सांडला तर फडकं कुठल्या खणात. एका चौकोनात तर चक्क लिहिलेलं असतं, 'शू लागणारी मुलं – दोन धरून चालणे'. आणि खरं सांगते, हिचा हिशेब सहसा चुकत नाही. एका बुधवारी मात्र एकालाच लागली. तास संपत आला तरी दुसरं कुणी उठेना, तशी हिची नजर सारखी दाराकडे. शेवटी एका मुलीच्या आजोबांनी हळूच विचारलं, "बाई, स्वच्छतागृह कुठे आहे हो?" तेव्हा कुठे हिचा जीव भांड्यात पडला.

घरीही तेच. फ्रिजवर आठवड्याचा तक्ता. नवरा बिचारा गरीब माणूस, तक्त्यात बघून केस कापायला जातो. सासूबाई मात्र खट आहेत. मी एकदा गेले होते तर त्या अगदी साध्या चेहऱ्याने विचारत होत्या, "सूनबाई, आज मला झोप दोनला यायचीय की अडीचला?" आणि हिने खरंच तक्ता बघितला हो! मला तर हसू आवरेना.

एवढं असूनही पोरांचा हिच्यावर भारी जीव. कारण एकदा का गोष्ट सांगायला बसली की ही बाई निराळीच होते. अस्वल होते, म्हातारी होते, दार होते. हो, दार. करकरत उघडते आणि धाडकन बंद होते. खाली पुस्तक बदलायला आलेली माणसं दचकून वर बघतात. मी सांगते, घाबरू नका, आमच्या बाई बंद झाल्या.

पण तिचं एक दुखणं होतं. पोरं तेरा वर्षांची झाली की येईनाशी व्हायची. चांगली नऊ-दहा वर्षं येणारी पोरं, एकाएकी गायब. एक मुलगा तर हिच्या मांडीवर बसून अक्षरं ओळखायला शिकलेला. एक दिवस बाजारात तो समोरून आला. ओठांवर नुकती मिसरूड फुटलेली, बरोबर दोन मित्र. हिने हात उंच करून "अरे!" म्हणून हाक मारली आणि त्याने सरळ रस्ता ओलांडला. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मला सांगत होती, "मी काय त्याला मांडीवर बसायला बोलावत होते का गं?" मला फिस्सकन हसू आलं. मग बघितलं तर हिचे डोळे भरलेले. मी मुकाट्याने डब्यात बघायला लागले.

"एकाचं असतं तर सोडून दिलं असतं," ती म्हणाली. "सगळीच जातात गं. ज्या वयात घरच्यांशी धड बोलता येत नाही, मास्तरांशी येत नाही, कुठे जाऊन बसावं कळत नाही, नेमकी त्याच वयात जातात. मग आपण त्यांना लहानपणी कशाला बोलावतो?"

मी डब्याचं झाकण लावलं. तिने मात्र कागद आखायला घेतला. पुढच्याच आठवड्यात तिने मंडळाच्या सचिवांपुढे योजना ठेवली. दर शनिवारी चार ते सहा, वरची कोपऱ्यातली खोली, तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी. नाव 'किशोर तास'. दोन तासांच्या कार्यक्रमाला तास का म्हणायचं असं मी विचारलं, तर माझ्याकडे असं काही बघितलं की मी पुढचं पुस्तक उघडून शिक्का मारला.

आमचे सचिव म्हणजे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ज्याची मोजणी होत नाही ते त्यांच्या लेखी नसतंच. त्यांनी योजना दोनदा वाचली आणि म्हणाले, "बाई, सहा महिने देतो. सहा महिन्यांत एका तरी शनिवारी पंधरा डोकी खोलीत दाखवा. नाही दाखवलीत तर तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे जातील." ते गठ्ठे खालच्या बोळकांडीत छतापर्यंत रचलेले होते आणि येता-जाता सगळ्यांच्या खांद्याला लागत होते. तेव्हा खोली हवी असणारे सचिव एकटेच नव्हते.

झालं, आखीवबाई कामाला लागली. पहिला शनिवार, 'भाषण कसे करावे'. आले दोघे. त्यातला एक पंख्याखाली बसायला आलेला. दुसरा शनिवार, 'अक्षर सुधारा'. आली एक, तिचं अक्षर मुळातच मोत्यासारखं. तिसऱ्याला 'वेळेचे नियोजन', त्याला कुणीच आलं नाही. ही पूर्ण दोन तास रिकाम्या खुर्च्यांपुढे बसून राहिली. मी म्हटलं, "अगं, खाली तरी ये, चहा घेऊ." तर म्हणे, "कुणी उशिरा आलं तर?" वेळेच्या नियोजनाला उशिरा येणाऱ्यासाठी थांबलेली जगातली ती पहिली बाई असेल.

आणि गंमत बघा. पोरं येत नव्हती असं नव्हतंच मुळी. आमच्या जिन्याच्या वळणावर एक रुंद खिडकी आहे. तिथे वारा येतो, फोन चार्जिंगला लावायला जागा आहे, आणि खालून-वरून कुणी येत असेल तर आधी कळतं. शनिवारी साडेतीनपासून तिथे पोरांचा अड्डा. कधी दहा, कधी सोळा, कधी वीस. पायऱ्या अडवून बसायची, एकाच पुस्तकात चार डोकी घालायची, मधेच भांडायची, मधेच खिदळायची. रस्ता ओलांडणारा तो मिसरूडवालाही त्यात होता. आखीवबाई चार वाजता खोलीच्या दारात येऊन गोड आवाजात म्हणायची, "वर या ना रे." की सगळी एकदम चिडीचूप. ती आत गेली की पुन्हा सुरू.

मी तिला म्हटलं, "यांनाच मोज की. वाचनालयातच तर बसलीत. कुणाच्या बापाला कळणार आहे?"

"जिना म्हणजे खोली नव्हे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"नियम आहे. खोलीच्या उंबऱ्याच्या आत असलेलीच डोकी मोजावीत."

"कुणी केला हा नियम?"

"मी," ती म्हणाली आणि खाली बघायला लागली. खरंच होतं ते. हिच्या आधीच्या बाई हजेरीत पहारेकऱ्याला धरायच्या, चहावाल्याला धरायच्या, एकदा तर दारात येऊन बसलेलं मांजर धरलं होतं म्हणतात. म्हणून हिने रुजू झाल्या झाल्या नियम करून घेतला होता, आणि तोच आता हिच्या अंगाशी आला होता. मी कपाळाला हात लावला.

असे पाच महिने गेले. जास्तीत जास्त हजेरी, सहा. त्यातही एक हिची स्वतःची लेक, आणि तिला आईने तक्त्यात घातलं होतं म्हणून ती आलेली. सहाव्या महिन्याचा शेवटचा शनिवार उजाडला. सचिव स्वतः येणार होते, मोजायला. गठ्ठे उचलायला दोन हमालही सांगून ठेवले होते. सकाळी आखीवबाई माझ्या खिडकीशी आली. हातात कागद, 'वेळेचे नियोजन, भाग दोन'. मी म्हटलं, "अगं, भाग एकला कुणी नव्हतं!" ती हसली नाही. म्हणाली, "खोली गेली तर पुन्हा मिळणार नाही गं. ही पोरं मग कायमचीच गेली." आणि वर निघून गेली.

ते ऐकून मला राहवेना. आता माझी चूक सांगते. साडेतीनला मी सफाईवाल्या काकूंना गाठलं आणि म्हटलं, "काकू, आज जिना धुवून काढा. चांगला खळखळून." काकू म्हणाल्या, "शनिवारी? पोरं बसलीत ना तिथे." मी म्हटलं, "म्हणूनच." काकू हुशार बाई, पुढे एक शब्द विचारला नाही. बादली घेतली आणि वरच्या पायरीपासून पाणी सोडलं. पोरं "अहो काकू, अहो काकू" करत उड्या मारत उठली. खाली पाणी, बाहेर रणरणतं ऊन, वर कोरडी खोली. गेली ना सगळी वर! मी खालून मोजली. एकोणीस. शपथ सांगते, मला तिथेच नाचावंसं वाटलं.

सचिव आले, पाय जपत जिना चढले. मीही खिडकीवर 'थोड्या वेळात येते'ची पाटी लावून मागोमाग गेले. हा सोहळा कोण चुकवणार? खोली गच्च भरलेली. आखीवबाई फळ्यापाशी उभी, आणि चेहरा असा की जणू हिच्याच लग्नाला हिला उशीर झालाय. सचिवांनी खिशातून बोटाने दाबायचं मोजणीचं यंत्र काढलं आणि टकटक सुरू केली.

"थांबा जरा," आखीवबाई म्हणाली. मग मुलांकडे वळली. "तुम्ही कार्यक्रमाला आलात ना रे?"

विचारायची गरज होती का? मी तुम्हाला विचारते, काही गरज होती का? मिसरूडवाला पोरगा म्हणाला, "नाही. जिना ओला आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. आमच्या त्या खोलीचं छत फार छान आहे, कधी इतकं निरखून बघितलं नव्हतं.

"साहेब," ती सचिवांना म्हणाली, "आजची हजेरी धरू नका. यांना फसवून आणलंय." माझा असा संताप झाला की बस! सहा महिने जिच्यासाठी ही बाई झुरली ती खोली हातात आली होती, आणि हिने ती स्वतःच्या हाताने परत केली.

"फसवून म्हणजे?" सचिवांचं बोट यंत्रावर तसंच.

तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेली एक उंच मुलगी बोलली. ती जिन्यावर दर शनिवारी यायची आणि तिथेही सगळ्यांपासून एक पायरी लांब बसायची. म्हणाली, "आम्हाला कुणी फसवलं नाही. जिना ओला होता, खोली कोरडी होती. आम्ही आलो."

"मग पुढच्या शनिवारी याल का?" सचिवांनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "जिना वाळला की तिथे बसू."

"का बरं? इथे खुर्च्या आहेत, पंखा आहे."

"इथे शिकवतात," ती म्हणाली.

आखीवबाईने हातातल्या कागदाकडे बघितलं. सोळाच्या सोळा चौकोन भरलेले. मला वाटलं आता रडते की काय. पण तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि विचारलं, "आणि मी शिकवलं नाही तर?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. "मग तुम्ही काय करणार?" कुणीतरी विचारलं.

"मी बाहेर बसेन."

"म्हणजे लक्ष ठेवायला?"

"नाही. वर येणाऱ्या मोठ्या माणसांना अडवायला."

यावर पहिल्यांदा ती पोरं हसली. आणि ही बाई खरंच बाहेर गेली की हो! दार हलकेच ओढून घेतलं आणि वरच्या पायरीवर जाऊन बसली. पायरी अजून ओली होती, तरी बसली. सचिव आणि मी तिच्या मागोमाग बाहेर आलो. आतून आधी काही ऐकू येईना. मग खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला, मग एक हसण्याचा, मग चांगला गोंगाट. पाच मिनिटं झाली, दहा झाली, दार काही उघडलं नाही. सचिवांनी दार किलकिलं करून आत डोकावलं आणि यंत्र टकटक दाबलं.

"एकोणीस," ते म्हणाले.

"साहेब, ती माझ्या कार्यक्रमाला आलेली नाहीत," आखीवबाई म्हणाली.

"बाई, मी सभेतून दोन मिनिटं बाहेर गेलो की अर्धी सभा पळून जाते. तुम्ही बाहेर येऊन दहा मिनिटं झाली, एक डोकं हललेलं नाही. उंबऱ्याच्या आतली डोकी मोजा, हा नियम तुमचाच. मी मोजली." आणि खाली जाऊन हमालांना परत पाठवलं. गठ्ठे अजून बोळकांडीतच आहेत. येता-जाता माझ्याही खांद्याला लागतात, पण मी आता काही बोलत नाही.

तेव्हापासून दर शनिवारी चार ते सहा पोरं आत आणि आखीवबाई बाहेर, पायरीवर. खाली उशी घेते, मांडीवर बुधवारचे कागद घेते. आतून कधी गाणी येतात, कधी भांडणं, कधी नुसतीच शांतता. शांतता आली की हिचा जीव कासावीस होतो, पण दार उघडत नाही. मी पहिल्या महिन्यात चिडवून घेतलं, "काय गं, एवढी शिकलेली बाई, शेवटी पहारेकरी झालीस!" ती म्हणाली, "वाईट वाटतं गं. मला ना, आत जाऊन दार व्हायचं असतं." मला वाटलं होतं चिडवल्यावर हसेल. मलाच मग बरं वाटेना.

परवाच्या शनिवारची गोष्ट. पाच वाजून गेले होते. खोलीचं दार उघडलं आणि ती उंच मुलगी बाहेर आली. आली आणि आखीवबाईच्या शेजारी पायरीवर बसली. मी खिडकीतून बघत होते. मुलीने गुडघ्यांत तोंड घातलं आणि तिचे खांदे हलायला लागले. आखीवबाईचा हात तिच्या पाठीपर्यंत गेला, तोंड उघडलं. आता ही विचारणार, समजावणार, पाणी आणणार, घरी फोन करणार, मला सगळं दिसत होतं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काही बोलू नका ना. प्लीज."

आखीवबाईने तोंड मिटलं. हातातले कागद खाली ठेवले आणि बसून राहिली. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, अर्धा तास. एक बाई पुस्तक शोधायला वर निघाल्या, तर हिने नुसता हात आडवा केला आणि त्या निमूट खाली आल्या. सहा वाजले. पहारेकरी दिवे घालवायला निघाला, त्याला मी खुणेने थांबवलं. शेवटी ती मुलगी उठली, नळावर जाऊन तोंड धुतलं, आत जाऊन दप्तर घेतलं आणि बाकीच्या पोरांबरोबर निघून गेली. जाताना आखीवबाईशी एक अक्षर बोलली नाही.

ही उशी काखेत घेऊन खाली आली. मी विचारलं, "काय झालं होतं गं तिला?"

"माहीत नाही."

"विचारलंस नाही?"

"नाही."

"मग इतका वेळ केलंस काय?"

"बसले होते," ती म्हणाली. मग खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून उभी राहिली. एकोणीस वर्षांत हिने माझ्याकडे कात्र्या मागितल्या, चटया मागितल्या, शिक्क्याची शाई मागितली, पण आपल्या कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी हळूच विचारलं, "मी बरोबर केलं का गं?"

माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या गावाला माहीत आहे. पण मला एकही टोमणा सुचला नाही. मी खिडकीतून हात बाहेर काढून तिचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "हो गं बाई. अगदी बरोबर केलंस."